जोडीवाल्यांचे घर

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. इन्क्युबेटर म्हणजे ऊब देणारे कपाट. बाहेर कडाक्याची थंडी असो की घामाच्या धारा, माझ्या पोटात वर्षभर एकसारखी ऊब असायची. आता नसते. आता मी एका लांबलचक व्हरांड्यात, जिन्याखाली उभा आहे. माझा एक पाय मोडला आहे आणि त्याखाली कोणीतरी विटेचा तुकडा सरकवला आहे. काल एक माणूस आला आणि त्याने माझ्या दारावर खडूने मोठी फुली मारली. फुली मारलेले सामान उद्या भंगाराच्या गाडीत चढणार, असे कानावर आले. म्हणून म्हटले, जे बोलायचे ते आजच बोलून टाकावे. आयुष्यभर मला बोलता आले नाही, हेच तर माझे दुःख आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दोन पत्र्यांच्या मध्ये जाड अस्तर भरून माझे अंग तयार केले. पुढे काचेचे दार बसवले, आणि बाहेरून दुसरे पत्र्याचे. आत जाळीच्या फळ्या, मागे एक लहानसा पंखा, आणि कपाळावर एक लाल दिवा. माझ्या पोटातली ऊब बिघडली तर तो दिवा लागणार आणि मी कर्कश ओरडणार, एवढीच काय ती मला दिलेली वाचा. तपासणीला आलेल्या कारागिराने माझ्या चारही कोपऱ्यांत तापमापक ठेवून पाहिले. सगळीकडे ऊब सारखी निघाली. "हा गडी दगा देणार नाही," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, मी दगा दिला नाही. पण दगा न देऊनही माणसाचे वाटोळे होताना पाहावे लागते, हे त्या कारागिराने मला सांगितले नव्हते.

नव्या नवरीसारखा वेष्टनात गुंडाळून मला प्रयोगशाळेत आणले, तेव्हा मनात काय काय मांडे भाजले होते मी! माझ्या पोटात औषधे ठेवतील, नाजूक रोपे ठेवतील, गेला बाजार कोंबडीची पिल्ले तरी. आणि ठेवले काय? डब्या भरून चवळी! आणि त्या चवळीत वळवळणारे भुंगे. होय, तुमच्या घरी डब्यात निघतात आणि आजी ओरडते, तेच ते भुंगे. माझा अगदी विरस झाला. शेजारी एक अतिथंड फ्रीज उभा होता. तो जन्माचा आढ्यतेखोर. त्याच्या घुरघुरण्यात मला सरळ सरळ हसू ऐकू येत होते.

हे भुंगे पाळणाऱ्या बाई म्हणजे आमच्या बाई. तेव्हा त्या तरुण होत्या. केसांचा अंबाडा घालून त्यात पेन्सिल खोचायच्या आणि मग दिवसभर पेन्सिल शोधायच्या. प्राणी पिल्ले कशी घालतात, आईबापांचे कोणते गुण पिल्लांत उतरतात, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की ते गुण कसे बदलत जातात, हा त्यांचा अभ्यास. संस्थेतले मोठे मोठे लोक वाघ, हरीण, नाहीतर निदान माशांवर तरी काम करत. त्यामुळे चहाच्या वेळी त्यांना 'भुंगेवाल्या बाई' म्हणून चिडवत. बाई रागवत नसत. "वाघाच्या पिढ्या मोजायला मला सात जन्म लागतील," असे म्हणत. "माझे भुंगे महिन्याभरात आजोबा होतात."

एकदा बाईंची आई लेकीची प्रयोगशाळा बघायला आली. बाईंनी हौसेने माझे दार उघडून दाखवले. आईने चवळीचा एक दाणा उचलला, त्यावरचे गोल भोक पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अगं, धान्याला कीड लागू नये म्हणून मी जन्मभर उन्हं दाखवून दाखवून काळी पडले, आणि तू मुद्दाम कीड पाळतेस? वर त्यांना ऊबही देतेस?"

"आई, कीड नाही गं. माझी प्रजा आहे ती."

"स्वतःची प्रजा व्हायचं बघ आधी!" असे म्हणून आईने मला नखशिखान्त न्याहाळले. "रात्रंदिवस ह्याच्याच पुढ्यात उभी असतेस ना? बरोबर. उंचापुरा आहे, गप्प आहे, उलट उत्तर देत नाही. हाच आमचा जावईबापू."

बाई पोट धरधरून हसल्या. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत माझे नाव जावईबापू पडले. मला ते फार आवडले, हे खोटे कशाला बोलू? फ्रीजला मात्र कोणी कधी नाव ठेवले नाही.

आता बाईंचा प्रयोग काय होता ते सांगतो. सोपा आहे. भुंग्यांच्या जगात नर फार धसमुसळे. पुष्कळ नर आणि थोड्या माद्या एका डबीत असल्या की प्रत्येक नराला वाटते, मी नाही पुढे झालो तर दुसरा होईल. मग ढकलाढकली, पाठलाग. नराच्या अंगाला बारीक काटे असतात आणि मीलनाच्या वेळी मादीला त्यांनी जखमा होतात. ती बिचारी मागच्या पायांनी लाथा झाडते, थकते, लवकर मरते. नराचे काय जाते? तो दुसरीकडे वळतो. बाईंच्या मनात प्रश्न आला, की एका नराला एकच मादी दिली, आयुष्यभर तीच, आणि असे पिढ्यान्‌पिढ्या केले, तर? मग तिचे नुकसान ते त्याचेच नुकसान. ती लवकर मेली तर त्याचीही पिल्ले कमीच होणार. जो नर सौम्य, त्याची पिल्ले जास्त. म्हणजे हळूहळू सगळा वंशच सौम्य होईल का?

म्हणून बाईंनी एकाच जुन्या कुळातून दोन वंश वेगळे केले. गर्दीत वाढणारे ते गर्दीवाले. त्यांच्या डब्यांना निळी झाकणे, जागा माझ्या वरच्या फळीवर. जोडीजोडीने वाढणारे ते जोडीवाले. त्यांना पांढरी झाकणे, जागा खालच्या फळीवर. दिसायला दोघे अगदी सारखे. निळ्यातला भुंगा पांढऱ्यात टाकला तर साक्षात ब्रह्मदेवालाही ओळखता आला नसता. म्हणून बाईंचे नियम कडक होते. दोन्ही वंश एकदम बाहेर काढायचे नाहीत. आधी जोडीवाल्यांचे काम, मग हात धुऊन, अंगातला डगला बदलून गर्दीवाल्यांचे. झाकण दाबताना 'टच' असा आवाज आलाच पाहिजे. आणि सुटा भुंगा दिसला, मग तो मेलेला का असेना, तर तो चिरडायचा. कारण हा भुंगा महा सोंगाडी. जरा धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन पडतो तो खुशाल मेल्यासारखा. आपण वळलो की उठून चालू लागतो.

वर्षे गेली. सुरुवातीला प्रत्येक वंशाची कितीतरी घराणी होती. मग एका वर्षी डोळ्यांना धड दिसणारही नाही अशी बारीक कोळीकीड शिरली. भुंग्यांना लागलेली कीड! बाईंनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, डब्या उकळत्या पाण्यातून काढल्या, तरी जोडीवाल्यांचे शेवटी एकच घराणे वाचले. त्या एका घराण्याला त्या अशा जपत, की कुठे ठेवू नि कुठे नको. बाईंनी लग्न केले नाही. विचारले कोणी, तर माझ्याकडे बोट दाखवत.

आणि खरोखर जोडीवाले बदलले! सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या नरांचे काटे आखूड दिसू लागले. त्यांच्या माद्या लाथा झाडीनाशा झाल्या, जास्त दिवस जगू लागल्या. बाईंनी ते पुन्हा पुन्हा मोजले. स्वतः मोजले, मग डब्यांवरची नावे झाकून दुसऱ्याकडून मोजून घेतले. तेच उत्तर. जगभरच्या अभ्यासकांनी त्यांचे कौतुक केले. दूरदूरचे पाहुणे येऊन माझ्या काचेला नाक लावून आत बघू लागले. 'भुंगेवाल्या बाई' म्हणून चिडवणारेच आता पाहुण्यांना "या, आमच्या बाईंचे भुंगे दाखवतो," असे म्हणू लागले. माझी तर छाती फुगली होती. ऊब माझी होती ना!

आता तो दिवस सांगतो. सांगू नये असे वाटते, पण सांगण्यासाठीच तर बोलतो आहे.

बाईंच्या केसांत तेव्हा पांढरे आले होते. आई आजारी होती, दवाखान्यात होती. त्या सकाळी दवाखान्यातून घाईघाईने आल्या. पिढी बदलायचा दिवस होता आणि भुंगे काही कोणाच्या आजारपणासाठी थांबत नाहीत. आटपून पुन्हा आईकडे जायचे, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दोन्ही वंश एकदम काढले. जोडीवाल्यांसाठी ताज्या चवळीची डबी तयार केली, त्यात एक नवे जोडपे सोडले, झाकण नुसते टेकवून खालच्या फळीवर ठेवली. मग वरची निळी डबी उचलली. उचलताना ती फळीच्या कडेला लागली आणि तिच्यातली एक मादी खाली पडली. थेट पांढऱ्या डबीच्या शेजारी.

बाईंना ती दिसली. त्यांनी कुंचल्याच्या टोकाने तिला हलवून पाहिले. मादी पाय पोटाशी घेऊन निपचित. "मेलीय," बाई पुटपुटल्या. तिला उचलण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यांचा भाऊ होता. मला त्याचा आवाज ऐकू आला.

"ताई, असशील तशी नीघ. आईचं काही खरं नाही."

बाईंनी निळी डबी वर ठेवली आणि माझे दार लोटले. त्यांची पावले जिन्यावरून धावत खाली जाताना मी ऐकली.

माझ्या पोटात अंधार झाला. थोड्या वेळाने त्या मादीने एक पाय हलवला. मग दुसरा. उठली, मिशा झटकल्या आणि चालू लागली. ती पांढऱ्या डबीवर चढली. टेकवलेल्या झाकणाच्या फटीत डोके घातले. मित्रांनो, तिच्या पोटात गर्दीवाल्या नरांचे बीज साठवलेले होते आणि समोर ताजी चवळी होती. ती आत शिरली आणि दाण्यांवर एक एक अंडे चिकटवत सुटली.

मी काय करणार? मला एक लाल दिवा आहे, पण तो ऊब बिघडली तरच लागतो. ऊब तर अगदी नेमकी होती. मला एक पंखा आहे, तो एकाच लयीत फिरतो. मनात आले, आज बंद पडावे, विजेची तार जळावी, निदान कोणीतरी धावत येईल. पण बंद पडायचे म्हटले तरी ते माझ्या हातात नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी खाल्ला. बाईंचे सारे आयुष्य माझ्या डोळ्यांदेखत विटाळत होते आणि मी त्या विटाळाला छान, एकसारखी ऊब देत होतो.

बाई परत आल्या तेव्हा आई गेली होती. डोळे सुजलेले, चेहरा ओढलेला. त्यांनी माझे दार उघडले. पांढऱ्या डबीचे झाकण सैल दिसले. बघा ना बाई, बघा, मेलेली मादी कुठे गेली? पण दुःखात माणसाला पडलेल्या भुंग्याची आठवण कुठून राहणार? त्यांनी सवयीने झाकण दाबले. 'टच' असा आवाज झाला. नियम पाळला गेला.

पुढे काही पिढ्या काही कळले नाही. मग जोडीवाल्यांच्या माद्या लवकर मरू लागल्या. काही नरांचे काटे पुन्हा लांब दिसू लागले. त्यांचे धसमुसळेपण परतले. बाईंनी मोजले. पुन्हा मोजले. मग दुसऱ्याकडून मोजून घेतले. आकडे कोणाची भीड धरत नाहीत.

बाईंच्या हाताखाली तेव्हा एक मुलगी संशोधन करत होती. सदा लगबग, सदा इकडून तिकडे, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. ती हुशार होती, पण बाईंसमोर तिची जीभ टाळूला चिकटायची. एका दुपारी ती माझ्याजवळ उभी राहून चाचरत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? सरमिसळ झाली असेल का? गर्दीवाला एखादा ह्यांच्यात गेला असेल तर? दोन्ही वंशांची जनुकं एकदा जुळवून बघू या का?"

माझा जीव पंख्यात गोळा झाला. बोल, खारूताई, बोल! थांबू नकोस!

बाईंनी चष्मा काढला. "निकाल मनासारखा येत होता, तेव्हा तुला सरमिसळ आठवली होती?"

"नाही, पण..."

"मग आता मनाविरुद्ध आला तर लगेच भेसळ कशी आठवली? हे असंच असतं बघ. आपलं खरं ठरलं की आपण हुशार, आणि खोटं ठरलं की भुंगे लबाड. मी हरले तर हरले म्हणेन. भुंग्यांवर खापर फोडणार नाही."

"मॅडम, मी खापर फोडायचं म्हणत नाहीये. नुसतं बघू या म्हणतेय."

"ह्या डब्या माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. इतकी वर्षं नाही उघडल्या कोणी. माझ्या हातांवर विश्वास नाही का तुझा?"

आता गुरूच्या हातांवर विश्वास नाही असे कोणती शिष्या म्हणेल? खारूताई मूग गिळून गप्प बसली. तिने मान खाली घातली आणि धुतलेल्याच डब्या पुन्हा धुऊ लागली.

मला बाईंचा राग आला होता का? आला होता. पण खरे सांगू? त्यांचा अहंकार बोलत नव्हता. बोलत होता तो प्रामाणिकपणा. स्वतःच्या बाजूने एक शब्दही जास्त पडू नये म्हणून त्या इतक्या जपत होत्या, की खरी गोष्टही त्यांनी दाराबाहेर उभी केली. लबाड माणूस असता तर त्याने धावत जाऊन तपासले असते, आणि वाचला असता.

ती मुलगी गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. माझ्या काचेला त्यांनी कपाळ टेकवले. त्यांचा श्वास काचेवर उमटला.

"काय चुकलं रे आपलं?" त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी 'आपलं' म्हटले, मित्रांनो. आणि मी नुसता घुमत राहिलो. माझा पंखा फिरत होता, ऊब नेमकी होती, दिवा विझलेला होता.

काही महिन्यांनी शास्त्रज्ञांची मोठी सभा भरली. तिथे बाईंनी उभे राहून सांगितले, की माझे आधीचे निष्कर्ष टिकत नाहीत, जोडीने राहिल्याने नर सौम्य होतात हे म्हणणे मी मागे घेते. प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे जुने मदतनीस, त्यांच्याबरोबर सामान घेऊन गेले होते. परत आल्यावर ते झाडूवालीला सांगत होते, "काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सगळे उभे राहिले. एवढ्या मोठ्या बाई, पण चूक कबूल करायला लाजल्या नाहीत."

टाळ्या! न केलेल्या चुकीसाठी टाळ्या! बाई तिथे जे खोडून आल्या, ते खरे होते. मला माहीत होते. त्या सगळ्या सभेत कोणालाच माहीत नव्हते, आणि ज्याला माहीत होते तो इथे भिंतीला पाठ लावून चवळीला ऊब देत होता.

मग बाईंनी दोन्ही वंश संपवायचे ठरवले. प्रयोग संपला की प्राणी बाहेर सोडायचे नाहीत, गोठवायचे, असा त्या कामाचा रिवाज असतो. मामा म्हणाले, "मी करतो, तुम्ही कशाला?" पण बाईंनी एकेक डबी स्वतः उचलली. शेजारच्या फ्रीजचे दार उघडले आणि एकेक करून आत ठेवल्या. शेवटची पांढऱ्या झाकणाची डबी त्यांनी बराच वेळ तळहातावर धरली होती. मग तीही ठेवली. फ्रीज त्या दिवशी घुरघुरला नाही, की मलाच ऐकू आले नाही, कोण जाणे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई निवृत्त झाल्या. गोठवलेल्या डब्या खोली बदलताना फेकून दिल्या गेल्या. जाताना बाईंनी माझ्या दारावरून हात फिरवला.

माझे पुढचे दिवस फार काही सांगण्यासारखे नाहीत. नव्या लोकांना नवी यंत्रे हवी होती. माझ्यात ते रिकाम्या बाटल्या ठेवू लागले. मग दुपारच्या जेवणाचे डबे गरम करायला माझा उपयोग होऊ लागला. एकेकाळी देशोदेशीचे पाहुणे ज्याच्या काचेला नाक लावत, त्याच्या पोटात आता कोणाची तरी भाजी सांडत होती. एक दिवस पंखा थांबला आणि दुरुस्तीवाला म्हणाला, "ह्याचे भाग आता मिळत नाहीत." झाले. मला व्हरांड्यात आणले. पोरे माझ्यावर दप्तरे टाकतात, सूचना चिकटवतात, आणि वाट पाहताना माझ्या पत्र्यावर बोटांनी ताल धरतात. त्या तालाची तेवढी सोबत होती.

आज सकाळी खारूताई आली होती. आता तिला खारूताई म्हणायची कोणाची छाती नाही. ती स्वतःच मोठी मॅडम झाली आहे. तिच्यासोबत तिची एक विद्यार्थिनी होती. माझ्यापाशी ती थबकली.

"अगं, हा तर आमचा जावईबापू!" ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "आमच्या मॅडमचा."

"त्या असतात का अजून?" मुलीने विचारले.

"असतात ना. भावाकडे असतात. आता फारशा बाहेर पडत नाहीत, खिडकीशी बसून राहतात. मागच्या आठवड्यात गेले होते भेटायला. मला म्हणाल्या, 'आयुष्यभर मला जे दिसायला हवं होतं, तेच मी पाहत राहिले. तू तसं करू नकोस.' मला काय बोलावं तेच कळेना. तेव्हाही कळलं नव्हतं."

"तेव्हा म्हणजे?"

"काही नाही. एकदा एक गोष्ट तपासू या म्हणाले होते. त्या नको म्हणाल्या, मी सोडून दिलं. अजून एकदा म्हणायला हवं होतं मी. फार तर ओरडल्या असत्या."

असे म्हणत तिने माझे दार उघडले. दाराच्या कडेने हवा कोंडून धरणारी रबराची पट्टी असते. ती आता तडकली आहे. तिच्या खाचेवरून खारूताईने सहज बोट फिरवले आणि बोटाला काहीतरी चिकटले. दोन सुकलेले भुंगे.

मित्रांनो, बाई कितीही दक्ष असल्या तरी इतक्या वर्षांत एखाददुसरा भुंगा सुटायचाच. दार लावताना तो त्या रबराच्या घडीत चेपला जायचा. खालच्या फळीसमोरच्या घडीत पहिल्या वर्षांतले जोडीवाले आहेत, सरमिसळ होण्याआधीचे. सगळ्यांत शेवटचेही आहेत. त्यांची जनुके एकमेकांशी जुळवली, तर मधेच परका वंश मिसळला हे कळायला वेळ लागणार नाही. खारूताईच्या प्रयोगशाळेत ते एका दुपारचे काम आहे. मी सांगतो तो पुरावा तिच्या बोटाच्या टोकावर होता! ती त्याच्याकडे बघत होती. तिने बोट उजेडात धरले. मला वाटले, आता हिच्या डोक्यात प्रकाश पडणार.

"बघ, अजून भुंगे आहेत ह्यात," ती विद्यार्थिनीला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. मग तिने हळूच फुंकर मारली. भुंगे उडून जमिनीवर पडले. कोणीतरी वरून हाक मारली, "मॅडम, सगळे आलेत." तिने माझे दार लोटले आणि दोघी जिना चढून गेल्या.

आता फक्त तुम्ही उरलात, मित्रांनो. मला वाचवा असे मी म्हणत नाही. मी पत्रा आहे, पत्र्याचे काय, वितळवतील, दुसरे काहीतरी करतील. पण एक गोष्ट ऐका. देवाने तुम्हाला तोंड दिले आहे. मोठ्या माणसाचे चुकते आहे असे वाटले, किंवा ते विनाकारण स्वतःला चुकीचे ठरवते आहे असे वाटले, तर एकदा बोलून गप्प बसू नका. ते रागावतील, रागावू द्या. पुन्हा बोला. ज्याला बोलताच येत नाही त्याला विचारा, गप्प राहणे म्हणजे काय असते.

आणि उद्या गाडी यायच्या आत तुमच्यापैकी कोणी ह्या जिन्याखालून जाणार असेल, तर माझे दार उघडा. खालच्या कोपऱ्यात, बिजागरीपाशी, रबराच्या घडीत बोट घाला. तिथे अजून आहेत. ते एका कागदात गुंडाळून वरच्या मजल्यावर खारूताईला नेऊन द्या आणि म्हणा, ह्यांची जनुके एकदा जुळवून बघा. एवढ्यानेच होईल. मग ती जाईल खिडकीशी बसलेल्या आमच्या बाईंकडे, आणि त्यांना सांगेल की बाई, तुमचे चुकले नव्हते.